मडक्यात ठेवलेलं खरेदीखत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी अहिल्यानगरजवळच्या एका गावात राहते. मिस्टरांची कंपनी बंद पडून आठ महिने झाले. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यात. धीर मिळावा म्हणून रोज पहाटे यशया वाचायला घेतला. विसाव्या अध्यायापर्यंत आले, पण सगळा नाश आणि शिक्षा. वाचून भीतीच जास्त वाटते. मंडळीतल्या एका बाईंनी यिर्मया २९:११ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावायला सांगितलं, ते लावलंय. एक नातेवाईक म्हणाले, तुमच्या घरावर पूर्वजांच्या पापाचा भार आहे. हल्ली प्रार्थनाही होत नाही. दुपारी आडवी झाले की उठूच नये असं वाटतं. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत आशा आहे म्हणतात, ती नेमकी कुठे आहे? कसं वाचू? आणि मिस्टरांनी तर पवित्र शास्त्र हातात घेणंच सोडलंय, त्यांना कसं वळवू?"

प्रिय ताई, सलाम.

यशया आहे तिथंच थांबवा. खूण घालून बाजूला ठेवा, त्यात देवाचा काही अपमान नाही. तुम्ही ज्या पानांत अडकलात ते १३ ते २३ अध्याय बहुतांशी बाबेल, मवाब, दिमिष्क, मिसर, सोर अशा राज्यांविषयी आहेत. त्या काळचं राजकारण माहीत असल्याशिवाय ते कळत नाहीत. आणि माणूस खचलेला असला की न कळलेलं प्रत्येक कठोर वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायला लागतं. चूक तुमची नाही, सुरुवातीची जागा चुकली.

संदेष्ट्यांची पुस्तकं बायबलमध्ये काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. म्हणून मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं तीन सनं लिहून ठेवा. इ.स.पू. ७२२: अश्शूरने उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेतली, ते राज्य संपलं. इ.स.पू. ५८६ (काही जण ५८७ धरतात): बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम आणि मंदिर जाळलं. इ.स.पू. ५३९: पारसाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि पाठोपाठ तिथं नेलेल्या बंदिवानांना यरुशलेमला परत जायची मुभा मिळाली. कुठलाही उतारा वाचताना आधी एवढंच विचारा, की हे घाव पडण्याआधी बोललंय की नंतर? आमोस, होशेय, मीखा आणि यशयाचे सुरुवातीचे बरेच अध्याय आधीचे आहेत, तो इशारा आहे. हबक्कूक आणि यिर्मया ऐन संकटाच्या तोंडावर आणि संकटात उभे आहेत. यशया ४० पासूनचे शब्द ज्यांचं सगळं आधीच गेलंय त्यांच्यासाठी आहेत, आणि त्यांची सुरुवातच "सांत्वन करा" अशी आहे. हाग्गय आणि जखऱ्या इ.स.पू. ५२० मध्ये, परत आलेल्या, पण हातात फारसं काही नसलेल्या लोकांशी बोलतात. दवाखान्यात पडलेल्या माणसाला कुणी तंबाखूचे तोटे ऐकवत बसत नाही. संदेष्टेही बसले नाहीत. तुम्ही मात्र घाव पडल्यानंतर घावाआधीचा इशारा वाचत होतात.

पूर्वजांच्या पापाचं म्हणाल तर यहेज्केल १८ उघडा. बाबेलातले बंदिवान एक म्हण घोकत होते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. पुढच्या वेळी कुणी ते बोललं तर वाद घालू नका, हा अध्याय काढून वाचायला द्या. आणि संदेष्ट्यांचा राग नेमका कुणावर होता तेही पाहा. आमोस ८ मध्ये तो माप लहान करणाऱ्या, वजन वाढवणाऱ्या, खोटा तराजू धरणाऱ्या आणि गव्हाचा केरही विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर आहे. यिर्मया २२ मध्ये तो शेजाऱ्याला मजुरी न देता राबवून ऐसपैस महाल बांधणाऱ्या राजावर आहे. काम गेलेल्या माणसाच्या घराकडे बोट दाखवायला ही पुस्तकं वापरणं मला अतिशय चुकीचं वाटतं.

आता सुरुवात कुठून करायची? १ राजे १९ पासून. एलीया हा स्वतःच्या नावाचं पुस्तक नसलेला संदेष्टा, पण तुमच्या दुपारचा सोबती तोच आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाला, आणि ईजबेल राणीच्या एका धमकीने तो पळत सुटला. बैर-शेबात चाकराला मागे ठेवलं, एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसला. रताम म्हणजे वाळवंटातलं काटकुळं झुडूप, काड्या फार आणि पानं नावाला. त्याची सावली अशी ती किती पडणार! तिथं तो म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपला.

पुढं काय होतं ते सावकाश वाचा. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. उपदेश नाही, जाब नाही. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवतो: खा, कारण वाट तुला झेपणारी नाही. होरेब डोंगरावरच्या गुहेपर्यंत तो ४० दिवस चालतो, आणि "इथं काय करतोस?" हा प्रश्न थेट तिथं पोचल्यावर येतो. आधी भाकर, झोप, पुन्हा भाकर, बोलणं त्यानंतर. गुहेत तो दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा तीच तक्रार शब्दशः करतो, की मी एकटाच उरलोय. त्यावर त्याला दटावलं जात नाही. तीन ठरावीक कामं दिली जातात, त्यातलं एक म्हणजे अलीशाला आपल्या जागी नेमणं, म्हणजे सोबतीला माणूस. आणि आकडा सांगितला जातो: बाल नावाच्या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७००० लोक अजून आहेत.

तेव्हा पहिला आठवडा एवढंच करा. पहाटेचं वाचन बंद, ती तासभर झोप घ्या. वाचन दुपारी, पोटात काही गेल्यानंतर, १५ मिनिटं. सासूबाईंच्या सेवेत तुमचं जेवण चार वाजेपर्यंत लांबत असेल तर आधी ते बदला. आणि एक गोष्ट मी आडपडदा न ठेवता विचारते: "उठूच नये" याचा अर्थ जगूच नये असा असेल, तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, उत्साह गेलेला असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण नव्हे. एलीयालाही आधी भाकरच मिळाली.

एलीया आपल्या मातीतही केव्हाचा रुजलाय. कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी, त्याला एलियाहू हनाबी म्हणतात. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिद्याचं ताट करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि फळं. त्याच्या नावानं स्तुती गातात आणि मग सगळे मिळून ते खातात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात.

दुसऱ्या आठवड्यात हबक्कूक. तीन अध्याय, ५६ वचनं, एका बैठकीत मोठ्यानं वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. "प्रार्थना होत नाही" म्हणता ना? मग पहिल्या अध्यायातली २ ते ४ वचनं मोठ्यानं म्हणा. किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस! हे देवाला तोंडावर विचारलेलं वाक्य पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे ती प्रार्थनाच झाली. त्या दिवशी वेगळी करू नका. उत्तर येतं तेही गोड नाही: खास्दी, म्हणजे बाबेलचं सैन्य, येणार. म्हणून तो दुसऱ्यांदा तक्रार करतो आणि मग पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. तिथं त्याला सांगितलं जातं, पाट्यांवर स्पष्ट लिही. तुम्हीही लिहा. वहीच्या डाव्या पानावर तुमची तक्रार, तारीख घालून, जशी आहे तशी. उजवं पान कोरं सोडा. ते त्याच दिवशी भरायची घाई नको. पुष्कळांचं इथंच बिनसतं: तक्रार लिहिली की लगेच खाली "तरी देव चांगला आहे" असं लिहून टाकतात, आणि मग त्या वाक्यात जीव राहत नाही.

२:४ मध्ये "नीतिमान विश्वासाने वाचेल", म्हणजे जगेल, असं येतं. यातल्या "विश्वासा"साठीचा मूळ हिब्रू शब्द आहे एमुना. हाच शब्द निर्गम १७:१२ मध्ये मोशेच्या हातांसाठी आलाय. लढाई चालू असताना त्याचे हात भरून आले, तेव्हा त्याला दगडावर बसवलं आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, म्हणून ते सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. हे "स्थिर" म्हणजे एमुना. मनात भरभरून खात्री वाटणं हा त्याचा अर्थ नव्हे. दुसऱ्यांनी धरलेले, थरथरणारे, पण खाली न आलेले हात, असा तो शब्द आहे. शेवटी हबक्कूक अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतून बुडालं, शेतात पीक नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत अशी सहा नुकसानं मोजतो आणि मग "तरी" म्हणतो. दुष्काळ बघितलेल्या माणसाला त्या सहा ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. पण त्याच्या आधीचं वचन गाळू नका: माझं अंग कापतंय, ओठ थरथरतायत. हा आनंद कापत कापतच म्हटलेला आहे.

आता भिंतीवरचा कागद. काढू नका, पण तो अर्धाच आहे. यिर्मया २९ हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये पहिल्या खेपेला जे बाबेलात नेले गेले, त्यांना यरुशलेमहून पाठवलेलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडून टाकतो. यिर्मया म्हणतो, आमेन, तसंच होवो! त्यालाही तेच हवं होतं. पण ते खरं नव्हतं. पत्रात तो लिहितो सत्तर वर्षं. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना परत जाणं दिसणार नव्हतं. अकराव्या वचनातली "भविष्य आणि आशा" दहाव्या वचनातल्या त्या सत्तर वर्षांना बांधलेली आहे. हे वचन "लवकरच नोकरी लागेल" अशा हमीसारखं लावलं की महिन्या-दोन महिन्यांनी ते भिंतीवरून टोचायला लागतं. तुम्हाला ते टोचत असेल, असा माझा अंदाज आहे. त्याच कागदावर वरती पाच ते सात ही वचनं लिहा: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, आणि जिथं नेलंय त्या शहराचं भलं चिंता. वाट बघायच्या काळात करायची कामं ती. तुमचा कागद पूर्ण होईल.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र यिर्मया ३२ ला द्या, सलग तीन दिवस. काळ इ.स.पू. ५८७ च्या आसपासचा, सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. शहराला बाबेलच्या सैन्याचा वेढा, तटापर्यंत मोर्चे आलेले, आणि "शहर पडणार" म्हणतो म्हणून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझाच आहे. अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं गाव, यरुशलेमपासून पाचेक किलोमीटरवर, त्या वेळी शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. त्या जमिनीला कवडीमोल म्हणायचं. तो घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास चांदी. खरेदीखत लिहितो, मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. दोन प्रती: एक मोहरबंद, एक उघडी. सगळ्यांच्या देखत त्या आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. का, तर या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

तलाठ्याकडे सात-बारा काढायला उभ्या राहिलेल्या माणसाला यातला प्रत्येक तपशील कळेल. ही आशा मनात नाही, कागदावर आहे, साक्षीपुराव्यानिशी. आणि सोळाव्या वचनापासून पाहा: व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि शेवटी गोंधळून म्हणतो, शहर तर खास्द्यांच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? शंका नंतर आली, खत आधी झालं. खात्री वाटेल तेव्हा पाऊल टाकीन असं म्हणून तुम्ही थांबला असाल, तर या अध्यायाचा क्रम नीट बघा.

तुम्हीही असं एक "शेत" घ्या. ज्याचा उपयोग बरे दिवस आले तरच होईल असं एखादं छोटं काम आजच्या तारखेला पुरं करा. मिस्टरांच्या पीएफची, अनुभवाच्या दाखल्याची कागदपत्रं एका फाइलीत लावणं. मुलांच्या पुढच्या वर्षाचा फॉर्म भरणं. परसात शेवग्याची फांदी लावणं. काम एकच, पण पुरं झालेलं, घरातल्या कुणाच्या तरी साक्षीनं. एक सावधगिरी मात्र हवी. विश्वासाचं पाऊल म्हणून कर्ज काढून काही घेऊ नका, कुणाला "बीज" म्हणून पैसे देऊ नका. यिर्मयानं पदरचे सतरा शेकेल दिले, घरच्याच जमिनीसाठी, रीतसर कागद करून.

एवढं झालं की विलापगीताचा तिसरा अध्याय. ६६ वचनं, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं, प्रत्येक अक्षराला तीन. रडणंसुद्धा अक्षरांच्या ओळीत बसवलंय, म्हणजे पुढची ओळ सापडते. पहिली वीस काळोखाची, एकविसाव्याला वळण. २९ व्या वचनात "कदाचित" हा शब्द आहे: कदाचित आशा असेल. ज्या दिवशी याहून मोठं काही म्हणवत नाही, त्या दिवशी तेवढंच म्हणा, ते शास्त्रातलंच आहे.

यहुदी लोक हे पुस्तक मंदिराच्या नाशाच्या दिवशी, अव महिन्याच्या नवमीला, उपवास करून वाचतात. बेने इस्राएलांत या दिवसाला बिरड्याचा सण असं नाव होतं, वालाच्या बिरड्यावरून. पुस्तकाचं शेवटचं वचन कडू आहे, म्हणून त्याच्या आधीचं "आम्हाला परत फिरव" हे पुन्हा म्हणून वाचन संपवतात. आणि त्यानंतर सात शब्बाथ, म्हणजे सात शनिवार, सांत्वनाची वाचनं, सगळी यशयातली. तुमच्या बाजूला ठेवलेल्या यशयाकडे परत जायची वाट हीच. दर आठवड्याला एक: ४०:१–२६, मग ४९:१४–५१:३, ५४:११–५५:५, ५१:१२–५२:१२, ५४:१–१०, सबंध ६० वा अध्याय, शेवटी ६१:१०–६३:९. शेवटच्या उताऱ्यात ६३:१–६ रक्ताच्या शिंतोड्यांचं वर्णन आहे, ते सध्या सोडून सातव्या वचनावर या. आठवडाभर तोच उतारा, रोज एकदा मोठ्यानं. सासूबाईंच्या खाटेशी बसून वाचलंत तर त्यांनाही ऐकू जाईल.

राहिला प्रश्न मिस्टरांचा. त्यांना वळवू नका. यिर्मया ३८ वाचा आणि त्यातला एबद-मलेख बघा. आफ्रिकेतल्या कूश देशाचा माणूस, राजवाड्यातला चाकर. यिर्मयाला पाणी नसलेल्या, नुसत्या चिखलाच्या हौदात टाकलंय, तो गाळात रुततोय. एबद-मलेख राजाकडून परवानगी आणि माणसं मिळवतो, पण तडक हौदाकडे जात नाही. आधी भांडाराखालच्या खोलीतून जुनी फाटकी वस्त्रं, चिंध्या गोळा करतो, त्या दोरानं खाली सोडतो आणि वरून सांगतो, या काखेत धर आणि मग त्यावरून दोर घे. नुसता दोर पुरला असता. पण दोरानं काखा सोलल्या असत्या. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला "वाचा, विश्वास धरा" हा नुसता दोर होतो. ते कुठं सोलवटलेत ते तुम्हाला ठाऊक असेल: शेजाऱ्यांचं विचारणं, दर शनिवारी भाजीला पैसे मागणं, मुलांसमोर निघालेला पगाराचा विषय. या आठवड्यात त्यातलं एक टाळता आलं तर टाळा. त्यांच्या चहाच्या वेळी शेजारी बसा. यिर्मया ३२ मोठ्यानं वाचाल तेव्हा सतरा शेकेल म्हणजे आजचे किती रुपये, एवढं त्यांना काढायला सांगा. चांदीचा भाव त्यांना पेपरात सापडेल.